दहा बाय अकराच्या खोलीतला स्टुडिओ: खरेदीआधी मांडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा बाय अकरा फुटांची खोली, त्यातच पलंग आणि कपाट, हाताशी लॅपटॉप आणि दोन इनपुटचा इंटरफेस (मायक्रोफोन आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी). गाणं, गिटार आणि हार्मोनियम रेकॉर्ड करायचंय. आत्ता जे रेकॉर्ड होतंय ते डब्यात तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येतं. म्हणून तुम्ही महाग कन्डेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा) मायक्रोफोन, आठ इंची स्पीकर आणि भिंतभर फोम अशी यादी केली आहे, आणि यातलं आधी काय घ्यावं ते विचारलंय. शिवाय वायरींचा गुंता आणि शेजारी, या दोन अडचणी आहेतच.

यादीतलं आत्ता काहीच घेऊ नका. तुमची तक्रार मायक्रोफोनबद्दल नाही, खोलीबद्दल आहे. जास्त चांगला कन्डेन्सर आणलात तर तो तीच खोली आणखी स्वच्छ टिपेल. आधी मांडणी, मग खोलीवर थोडं काम, मग ऐकण्याची सोय आणि सगळ्यात शेवटी मायक्रोफोन. घरगुती स्टुडिओ लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि जिथे हा क्रम उलटा झाला तिथे पैसे हमखास दोनदा खर्च झालेले पाहिले आहेत.

खोलीचं गणित एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आपटत राहतो, आणि ज्या खर्जातल्या सुराची अर्धी लहर त्या अंतरात नेमकी बसते तो सूर फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला अंतराच्या दुपटीनं भागलं की तो सूर मिळतो. तुमच्या खोलीच्या लांबीला येतात ५१ हर्ट्झ, रुंदीला ५६ आणि छत नऊ फुटांवर असेल तर उंचीला ६२-६३. खोली जवळपास ठोकळ्यासारखी असल्यानं तिन्ही आकडे एकमेकांना खेटून बसलेत. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची असते. ती छेडली की खोलीही तिच्याबरोबर वाजू लागणार, आणि त्याच तारेवर थोडं वर गेलात की जोर ओसरल्यासारखा वाटणार. वादक तेवढ्याच ताकदीनं वाजवत असतो, फरक खोलीनं केलेला असतो. आठ इंची स्पीकर नेमका हाच पट्टा जास्त हलवतात. या खोलीला पाच इंची पुरेत.

डब्याचा आवाज मात्र खर्जातून येत नाही. तो मधल्या आणि वरच्या पट्टीतला असतो. उघड्या भिंतींवरून काही मिलिसेकंदांत परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि काही सूर कापतो, काही वाढवतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कोरडी टाळी वाजवा. टाळी संपल्यावर मागे बारीक ‘टर्रर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर दोन समांतर उघड्या भिंती एकमेकींशी बोलताहेत असं समजा. खोलीभर फिरून टाळ्या वाजवा. जिथे हा शेपटा सगळ्यात कमी ऐकू येईल ती जागा लक्षात ठेवा, गायची जागा ठरवताना ती कामी येईल.

आता मांडणी. टेबल दहा फुटी भिंतीला लावा, म्हणजे स्पीकरचं तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेला येईल. टेबल डावी-उजवीकडच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर हवं. एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी असं असेल तर डावा-उजवा आवाज कधीच सारखा येणार नाही, तेव्हा कपाट मागच्या भिंतीकडे न्या. पलंगही मागेच. जाड गादी मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज बऱ्यापैकी खाते, आणि ते काम फुकटात होतं. खुर्ची खोलीच्या अगदी मध्यावर नको, कारण तिथे ५१ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला पाठ लावूनही नको, कारण तिथे तो फुगतो. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर डोकं असावं असा एक ठोकताळा आहे. तुमच्याकडे ते सव्वाचार फुटांच्या आसपास येतं. हा आकडा अंतिम धरू नका. तिथून सुरुवात करा, ओळखीचं गाणं लावा आणि खुर्ची सहा-सहा इंच पुढेमागे सरकवून बेस कुठे सर्वांत एकसारखा ऐकू येतो ते पाहा.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. तुमच्या खोलीत बाजू एक मीटर धरा. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर हवा. टेबलावर थेट ठेवलात तर टेबलच वाजू लागतं, म्हणून खाली स्टँड किंवा जाड फोमचा ठोकळा द्या. स्पीकर भिंतीपासून लांब ओढावेत असा सल्ला सर्रास दिला जातो. एवढ्या छोट्या खोलीत मी त्याच्या उलट सांगतो. स्पीकरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर भिंतीवरून परतलेली लहर १४० हर्ट्झच्या आसपास मूळ लहरीला खोडते, आणि पुरुषाच्या आवाजाचा भरीवपणा तिथेच असतो. स्पीकर जवळ सरकवले की हा खड्डा वरच्या पट्टीत जातो, तिथे तो शोषून घेता येतो. भिंतीजवळ बेस वाढतो खरा, पण बहुतेक मॉनिटर स्पीकरना मागे तो कमी करायचं बटण असतं. ते वापरा.

पुढचं काम आरशाचं. तुम्ही खुर्चीत बसा, आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून एक छोटा आरसा कानाच्या उंचीवर सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज पहिल्यांदा परतून तुमच्या कानात येतो. पेन्सिलीनं खूण करा. दुसऱ्या भिंतीवर आणि जमलं तर छतावर तसंच करा. शोषक पॅनेल लागतात ते या तीन जागी आणि समोरच्या दोन कोपऱ्यांत. पाच पॅनेलमध्ये या खोलीत जो फरक पडतो तो भिंतभर फोमनं पडत नाही.

फोमला माझा विरोध का, तेही सांगतो. ध्वनी शोषायला जाडी लागते. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिचा पाव भागसुद्धा ८६ सेंटिमीटर होतो. एक-दोन इंचांच्या फोमचं तिच्यापुढे काही चालत नाही. तो साधारण हजार हर्ट्झच्या वरचं शोषतो आणि त्याखालचं जसंच्या तसं सोडतो. तो भिंतभर लावला की खोलीतली चमक जाते आणि घुमणं शिल्लक राहतं. अंड्यांचे ट्रे तर एवढंही करत नाहीत. त्याऐवजी चार इंच जाडीच्या रॉकवूलची (दगडी लोकरीची) दोन बाय चार फुटांची पॅनेल करून घ्या. घनता ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटरमधली चालते. लाकडी चौकटीत रॉकवूल, वरून कापड. कापड तोंडाला लावून फुंकून पाहा, फुंकर आरपार जात असेल तर ते कापड योग्य. पॅनेल भिंतीला चिकटवू नका, चार इंच पुढे टांगा. मागची हवासुद्धा जाडीसारखंच काम करते, म्हणजे त्याच सामानात आणखी खालचे सूर शोषले जातात. कोपऱ्यातली पॅनेल तिरपी उभी करा. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. त्याचे तंतू त्वचेला आणि घशाला फार त्रास देतात.

ज्यांना आकड्यांत पाहायचंय त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मोजमापाचा मायक्रोफोन कानाच्या जागी ठेवला की खोलीचा आलेख निघतो. आलेखातला उंचवटा इक्वलायझरनं (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं) थोडा खाली आणता येतो. खोल खड्डा मात्र इक्वलायझरनं भरत नाही. त्यासाठी खुर्ची किंवा स्पीकरच हलवावे लागतात.

आता गाण्याची जागा. इथे बहुतेकजण एकच गफलत करतात: शोषक वस्तू मायक्रोफोनच्या पाठीमागे लावतात. तुमचा मायक्रोफोन बहुधा कार्डिओइड असणार, म्हणजे तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतो. त्याच्या समोर कोण असतं? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. त्या भिंतीवरून येणारा आवाज थेट त्याच्या तोंडात शिरतो. म्हणून शोषण गायकाच्या पाठीमागे हवं. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडा, त्याकडे पाठ करून उभे राहा आणि मायक्रोफोन तुमच्याकडे, म्हणजेच कपाटाकडे रोखा. दोन्ही बाजूंना स्टँडवर जाड रजया टांगा. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येत असेल तर मायक्रोफोनची पाठ लॅपटॉपकडे येईल अशी दिशा निवडा.

मग अंतर. तोंडापासून एक वीत. मायक्रोफोनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबीनं (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) वाढतो, पण खोलीचा आवाज आहे तेवढाच राहतो. म्हणजे काही न विकत घेता खोली निम्म्यानं मागे ढकलता येते. फार जवळ गेलात तर कार्डिओइडमध्ये खर्ज फुगतो आणि प, फ, भ हे वर्ण धडकतात. पॉप फिल्टर लावा आणि मायक्रोफोन तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता किंचित बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा. फुंकर बाजूनं निघून जाते, आवाज तेवढाच येतो.

गिटारला मायक्रोफोन भोकासमोर लावू नका, तिथे पोटातली हवा घुमते. गिटारच्या दांड्यावरच्या बाराव्या ते चौदाव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर), साधारण एक फुटावर लावा आणि तिथून दोन-चार इंच इकडेतिकडे करून ऐका. हार्मोनियमचा त्रास वेगळा: भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट. मायक्रोफोन वरून, दीड-दोन फुटांवर, भात्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेला ठेवा. एवढ्या अंतरावर खोली जास्त ऐकू येते, म्हणून हार्मोनियम पलंगाजवळ घ्या आणि वाद्याखाली जाड सतरंजी अंथरा.

हे करून झाल्यावर जुन्याच मायक्रोफोनवर एक मिनिट गा आणि आधीच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. तरीही मायक्रोफोन बदलावासा वाटला, तर तुमच्या खोलीसाठी मी आधी डायनॅमिक, म्हणजे वेगळी वीज न लागणाऱ्या साध्या मायक्रोफोनचा विचार करा म्हणेन. श्युअरचा एसएम५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि एसएम५८ हा १९६६ पासून. आजही कुठल्याही स्टुडिओत ते विनासंकोच वापरले जातात. डायनॅमिक जवळून वापरायचा असतो, त्यामुळे खोली कमी टिपली जाते. मात्र तो कमी संवेदनशील असतो, इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) बराच चढवावा लागतो. तिथे सूं असा आवाज येत नाही ना, ते तपासा. खोली शांत झाली, गिटारची बारीक झणझण हवी असं वाटलं की कन्डेन्सर घ्या. त्याला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसकडून केबलमधूनच मिळणारी वीज, लागतं, आणि ते चालू-बंद करताना स्पीकर म्यूट करायची सवय लावून घ्या. कन्डेन्सरला ओलसर हवा सोसत नाही. काम झालं की तो डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी.

रेकॉर्डिंगला बंदिस्त कपांचे हेडफोन हवेत, नाहीतर मेट्रोनोमची टकटक मायक्रोफोनमध्ये शिरते. पैसे मोजकेच असतील तर आधी चांगले हेडफोन घ्या, स्पीकर नंतर. मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, आवाज बेताचा ठेवा. शेजारी बसलेल्याशी स्वर न चढवता बोलता यावं इतपत. मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि बारीक आवाज जास्त भरीव वाटतात, त्यामुळे मोठ्यानं केलेलं मिक्स हळू लावल्यावर पोकळ निघतं. शिवाय ८५ डीबीला आठ तास ही कामाच्या जागेसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डीबीला ती वेळ निम्मी होते. कान गेले तर ते दुरुस्त करून मिळत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

सेटिंगवर फार वेळ घालवू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि विसरून जा. २४ बिटमध्ये जागा इतकी असते की लेव्हल लाल रेषेला भिडवायची गरज नाही. सगळ्यात जोराची जागा उणे १० ते उणे १२ डीबीच्या आसपास राहिली की झालं. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, कमी करा. १२८ सॅम्पलला एका बाजूचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद, १०२४ ला २१ च्या पुढे. मिक्स करताना तो परत वाढवा म्हणजे लॅपटॉप अडखळणार नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगची (लॅपटॉपमधून न जाता आवाज थेट हेडफोनमध्ये देण्याची) सोय असेल तर हा प्रश्नच उरत नाही. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, रीपर, आर्डर, गॅरेजबँड, पण एकच घ्या आणि वर्षभर बदलू नका.

वायरींकडे येऊ. गुंता दिसायला वाईट, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातून येणारी गुणगुण. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर हे सगळं एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. वेगवेगळ्या सॉकेटवर घेतलं की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमध्ये हम येतो. तो घालवायला अर्थची पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका, त्यात जीव जाऊ शकतो. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. हम थांबला तर दोषी सापडला. इंटरफेस ते स्पीकर टीआरएस किंवा एक्सएलआर प्लगची, बाहेरची गुणगुण कापणारी बॅलन्स्ड केबलच घ्या. विजेच्या वायरी टेबलाच्या एका कडेनं न्या, आवाजाच्या दुसऱ्या कडेनं. जिथे एकमेकींना ओलांडणं भाग आहे तिथे काटकोनात ओलांडू द्या, समांतर धावू देऊ नका. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा: ‘इंटरफेस २ – गिटार’, ‘डावा स्पीकर’. एकाच टोकाला लावलेली चिठ्ठी नेमक्या वेळी टेबलाखाली असते.

केबल गुंडाळण्याचीही रीत आहे. कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो आणि काही महिन्यांत खरखर सुरू होते. त्याऐवजी एक वेढा सरळ घ्या, पुढचा मनगट आत वळवून उलटा घ्या, परत सरळ, परत उलटा. अशी केबल टोक धरून फेकली तरी गाठ न पडता उलगडते. हाताला वळण लागायला एक संध्याकाळ पुरते. गुंडाळलेली केबल वेल्क्रो पट्टीनं बांधा आणि भिंतीवरच्या खुंटीवर लांबीप्रमाणे टांगा.

मायक्रोफोन स्टँडवर, केबल जोडलेली, गिटार भिंतीवर, हेडफोन टेबलाच्या कडेच्या हुकावर, सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकना नावं देऊन ठेवलेला टेम्प्लेट तयार. सुचलेली चाल दोन मिनिटांत रेकॉर्ड व्हायला लागेल अशी मांडणी असली पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर काय शोधावं लागलं ते पाहा आणि त्याची जागा बदला. छोट्या खोलीत काम होतं की नाही हे यावरच ठरतं, मायक्रोफोनच्या मॉडेलवर नाही.

शेजाऱ्यांचं. वर सांगितलेली पॅनेल आतला आवाज सुधारतात, बाहेर जाणारा अडवत नाहीत. बाहेर जाणारा आवाज अडतो तो वजनानं आणि हवाबंद असण्यानं. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी दार कितीही जाड असो, आवाज २० डीबीपेक्षा जास्त कमी होत नाही. तेव्हा आधी दाराखालची आणि खिडकीच्या कडांची फट रबरी पट्टीनं बंद करा. याच्या पुढचं काम म्हणजे भिंतीसमोर दुसरी वेगळी भिंत. ते बांधकाम आहे, भाड्याच्या घरात त्याच्या नादी लागू नका. स्पीकर भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका आणि रात्री हेडफोनवर काम करा.

शेवटी फाइली. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी घेतो. चार मिनिटांचं, सोळा ट्रॅकचं गाणं साडेपाचशे एमबीच्या घरात जातं, आणि न वापरलेले टेक वेगळे. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर, नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाण्याचं नाव, मग ताल-वेग आणि पट्टी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं देऊ नका, आवृत्तीला ०१, ०२, ०३ असे आकडे द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक घराबाहेर. महिन्यातून एकदा बॅकअपमधलं एखादं गाणं खरोखर उघडून वाजवा, नुसती फाइल दिसते म्हणून ती चालते असं नाही. आणि गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटापर्यंत एकसलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. उद्या सॉफ्टवेअर बदललं किंवा एखादं प्लगइन बंद पडलं तरी त्या फाइली कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक टाकल्या की गाणं जागच्या जागी बसतं.